अलंकार ओळखायचा तो कानाने आणि अर्थाने, नुसता 'जणू' शोधून नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात विद्यार्थ्यांसाठी जे पान येतं त्यातला मराठी व्याकरणाचा सराव मी आवर्जून बघते, मुलांकडून सोडवूनही घेते. मी मराठीची शिकवणी घेते, बरीच वर्षं झाली, आणि ते पान मला मनापासून आवडतं हे आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई नुसत्या चुका काढायला बसल्यात. पण मागच्या एका पानावर 'पुढील ओळींतील अलंकार ओळखा' असा प्रश्न होता, त्यात बहिणाबाईंच्या मनावरच्या कवितेतल्या ओळी होत्या, आणि त्याचं जे उत्तर खाली छापलं होतं त्यावरून हे पत्र लिहितेय. पत्र लांबेल, त्याला इलाज नाही, छापताना हवं तर काटछाट करा पण उत्तराची दुरुस्ती तेवढी छापा.

ओळी अशा होत्या: 'मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर, अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर'. उत्तर छापलं होतं रूपक.

माझ्याकडे दहावीची एक मुलगी येते. तिने कात्रण वहीत चिकटवून उत्तरं लिहून आणली होती. या प्रश्नापुढे पेनाने 'रूपक' होतं, पण खाली कागदावर दुसरंच काहीतरी उमटलेलं दिसत होतं, पेन्सिलीने लिहून खोडलेलं. ती पेन्सिल दाबून लिहिते त्यामुळे वही उजेडाकडे तिरकी धरली तर वाचता आलं, 'व्यतिरेक'. मी विचारलं हे का लिहिलं होतंस, तर म्हणाली, मॅडम ती म्हणतेय ना की विंचू साप बरा, त्याला उतरवायला मंत्र तरी आहे, म्हणजे मनाचं विष त्याच्याहून जास्त, म्हणजे उपमेय (ज्याचं वर्णन चाललंय ते, इथे मन) उपमानाच्या (ज्याच्याशी तुलना केली ते, इथे विंचू-साप) वर गेलं. बरोबर, शंभर टक्के बरोबर, मी स्वतः याहून चांगलं सांगितलं नसतं. मग खोडलंस कशाला? तर म्हणाली पेपरात रूपक छापलंय.

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. चूक कुणाचीही होते, छपाईत तर होतेच, पण पोरीने स्वतःच्या डोक्याने काढलेलं बरोबर उत्तर रबराने पुसलं आणि त्या जागी चुकीचं लिहिलं, का, तर छापलेलं होतं म्हणून. आणि हे 'रूपक' आलं कुठून तेही मला कळतं. मन आणि जहर शेजारी दिसले, मधे 'जसं' नाही, 'जणू' नाही, म्हणजे रूपक असणार. खुणेचा शब्द शोधायचा, सापडला तर हे, नाही सापडला तर ते. सगळीकडे हल्ली असंच शिकवतात, व्हॉट्सॲपवर एका पानाची पीडीएफ फिरते, 'सम समान सारखा म्हणजे उपमा, जणू गमे वाटे भासे म्हणजे उत्प्रेक्षा', व्हिडिओत पण तीच ट्रिक, आणि मुलं ती गाण्यासारखी पाठ करतात.

ट्रिकवर माझा राग नाही, सुरुवातीला ती लागते. पण तेवढीच हातात असली तर काय होतं बघा. 'सारखा' दिसला की उपमा म्हणायचं, आता 'तो सारखा रडतोय' यात उपमा आहे का? यातला सारखा म्हणजे सतत. 'ठरल्याप्रमाणे गाडी आली' यात 'प्रमाणे' आहे, उपमा नाही. 'मला वाटतं उद्या सुट्टी असेल' यात 'वाटतं' आहे पण उत्प्रेक्षा कुठली, तो साधा अंदाज आहे. 'तो म्हणाला की येतो' यातल्या 'की'ला सुद्धा उत्प्रेक्षेचा 'की' समजणारी मुलं मी बघितली आहेत, हुशार मुलं, पण त्यांना शब्द शोधायला शिकवलेलं, वाक्य वाचायला नाही. आणि उलट बाजूने 'मृगनयनी' घ्या, यात खुणेचा एकही शब्द नाही तरी ती उपमाच, लुप्तोपमा, कारण 'हरणासारखे' मधलं सारखे समासाच्या पोटात गेलं. खरं तर हरणासारखे नाही, हरणाच्या डोळ्यांसारखे डोळे, म्हणजे 'सारखे' पण गेलं आणि उपमानातले डोळे पण गेले, इतकं सगळं लपलेलं असून आपल्याला ऐकताक्षणी कळतं.

मी मुलांना एकच जोडी घेऊन सगळ्या पायऱ्या चढवून आणते. समजा आजीचा हात आणि पिंपळाचं जाळी पडलेलं जुनं पान. आजीचा हात पिंपळपानासारखा जाळीदार आहे, ही झाली उपमा, दोन वस्तू वेगवेगळ्या उभ्या आहेत आणि मधे कवी म्हणतोय की बघा यांच्यात साम्य आहे. आजीचा हात म्हणजे जणू पिंपळपानच, आता कवी थोडा पुढे सरकला, त्याला माहितीये की हात आहे पण क्षणभर पान असल्याची कल्पना करून बघतोय, ही उत्प्रेक्षा. तिच्या हाताचं पिंपळपान माझ्या केसांतून फिरलं, आता हात आणि पान वेगळे राहिलेच नाहीत, हे रूपक. हा हात नव्हेच, हे पिंपळपान, इथे हाताला चक्क नाकारलं, ही अपन्हुती. पिंपळपानाची जाळी सुद्धा आजीच्या हाताइतकी नाजूक नाही, आता हात पानाच्या वर गेला, व्यतिरेक. आणि आजीच्या हातासारखा आजीचाच हात, दुसरं उपमानच मिळेना, हा अनन्वय. हात तोच, पान तेच, फक्त कवी त्या दोघांना किती जवळ आणतो, कुणाला वर ठेवतो, कुणाला पुसून टाकतो एवढंच बदलत जातं. मुलाने हे एकदा स्वतः करून बघितलं ना, आईचा आवाज घे, सायकल घे, काही घे, की त्याला परत 'जणू' शोधत बसावं लागत नाही. तो विचारतो दोघांचं नातं काय, आणि नाव आपोआप येतं.

आता ज्या कवितेवरून सुरुवात झाली तिच्याकडेच परत येते कारण त्या एका कवितेत अर्ध्या धड्याचे अलंकार बसलेत. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता वाचता येत नव्हतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांची गाणी पुस्तक होऊन आली ती त्या गेल्यावर, 1952 साली. व्यतिरेक हा शब्द त्यांना कुणी सांगितला नसणार. म्हणूनच त्यांची कविता यासाठी चांगली, कारण इथे अलंकार वरून चिकटवलेला नाही, बोलण्यातूनच आलाय.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर'. वढाय म्हणजे ओढाळ, हाकललं तरी परत शेतात शिरणारं जनावर. इथे जसं नाही, वाणी नाही, मन हेच ढोर, म्हणून रूपक. पण एवढ्यावर थांबू नये असं माझं म्हणणं आहे. मी मुलांना विचारते 'फिरी येतं' याचा कर्ता कोण, मन की ढोर? अर्धा वर्ग मन म्हणतो, अर्धा ढोर, आणि दोघंही बरोबर, ते वेगळं करताच येत नाही आणि तीच तर रूपकाची खूण आहे, जणू नसणं ही खूण नव्हे. लगेच पुढच्या कडव्यात 'मन मोकाट मोकाट, त्याले ठायी ठायी वाटा, जशा वाऱ्यानं चालल्या, पान्यावरल्या रे लाटा'. आता 'जशा' आला, उपमा झाली. का बरं बदललं असेल? मला वाटतं (हे माझं मत आहे, पुस्तकातलं नाही) ढोर हे रोज डोळ्यासमोर असलेलं, अंगावर येणारं, तिथे मन आणि ढोर एकच होऊन जातं, पण पाण्यावरच्या लाटा लांबून बघायच्या, त्यामुळे मधे 'जशा'चं अंतर राहिलं. एकाच कवितेत शेजारी शेजारी रूपक आणि उपमा, यापेक्षा चांगला धडा कुठला.

आणि मग 'मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना, मन केवढं केवढं, आभायात बी मायेना'. खाकस म्हणजे खसखस. पहिल्या अर्ध्यात उपमा आहेच, दुसऱ्यात मन आभाळात पण मावत नाही ही अतिशयोक्ती, आणि दोन्ही मिळून बघितलं तर दाण्याएवढं तेच आभाळाहून मोठं, विरोधाभास. आता परीक्षेत या चार ओळी देऊन 'अलंकार ओळखा' म्हटलं तर मुलाने काय लिहायचं? तीन उत्तरं बरोबर आहेत. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात जे एक असेल ते लिहिलं तर मार्क, नाहीतर शून्य. हे बरोबर नाही हो. आणि या ओळींतला सगळ्यात सुंदर भाग तर कुठल्याच उत्तरात येत नाही, तो म्हणजे 'एवढं'चं 'केवढं' होणं. नुसता 'ए'चा 'के' झाला आणि खसखशीच्या दाण्यावरून आपण आभाळाच्या बाहेर गेलो. मोठ्याने म्हणून बघा, 'एवढं एवढं' म्हणताना बोटांची चिमूट होते आणि 'केवढं केवढं' म्हणताना हात पसरतात, कुणी न सांगता.

हे नादाचं मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तिकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शब्दालंकार म्हणून अनुप्रास, यमक, श्लेष अशी तीन नावं सांगितली जातात, एकेक उदाहरण, आणि पुढे. मुलं अनुप्रास ओळखतात ते डोळ्याने, एकच अक्षर किती वेळा आलं ते मोजून. पण अनुप्रास कानाचा आहे. आपल्या मराठीत च ज झ यांचे उच्चार दोन दोन आहेत, चमच्यातला च वेगळा आणि चंद्रातला वेगळा. 'चंद्र' आणि 'चांदणं' लिहिताना एकाच अक्षराने सुरू होतात, आता दोन्ही सावकाश म्हणून बघा, जीभ वेगवेगळ्या ठिकाणी लागते, चांदण्यातला च दातांजवळचा, चंद्रातला टाळूचा. म्हणजे कागदावर दिसणारा अनुप्रास कानाला अर्धाच ऐकू येतो. हे मुलांना सांगितलं की ती चकित होतात, रोज बोलतात पण लक्षात आलेलं नसतं. कविता मोठ्याने वाचल्याशिवाय हे कळणारच नाही, मनातल्या मनात वाचून तर अजिबात नाही.

पुनरुक्तीचं पण तसंच. 'हाकला हाकला' यात एकच शब्द दोनदा आलाय, मुलं लगेच लिहितात अनुप्रास, काही जण यमक. पण यातलं काम काय चाललंय ते बघा ना. ढोर एकदा हाकललं, परत आलं, परत हाकललं. एकदाच 'हाकला' म्हटलं असतं तर ढोर परत यायची गोष्टच उरली नसती. शिवाय ओळीत आठ अक्षरं आहेत, म-न-व-ढा-य-व-ढा-य आठ, उ-भ्या-पि-का-त-लं-ढो-र आठ, एक शब्द काढला की जातं सगळं कोलमडून. याला यादीतलं कुठलं नाव द्यायचं यावर भांडण्यात अर्थ नाही, 'शब्द दोनदा आल्याने हाकलण्याची क्रिया कानाला ऐकू येते' एवढं मुलाने लिहिलं तर मी पूर्ण मार्क देईन.

यमकाच्या बाबतीत तर गोंधळ नावातच आहे. शाळेत आपण ओळीच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना यमक म्हणतो, वाटा–लाटा, तंतर–मंतर. जुन्या संस्कृत शास्त्रात याला अंत्यानुप्रास म्हटलंय, विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात तसं आहे, आणि यमक म्हणजे तीच अक्षरं त्याच क्रमाने परत येणं, पण अर्थ बदलून. 'सूर्य उगवला झाडीत, झाडूवाली रस्ता झाडीत' हे जे सगळ्यांना पाठ असतं, ते त्या जुन्या अर्थाने यमक, कारण पहिलं झाडीत म्हणजे झाडांमध्ये आणि दुसरं म्हणजे केर काढत. आज आपण दोन्हीला यमकच म्हणतो, म्हणू या, भाषा बदलते, पण वर जाणाऱ्या मुलाला हा फरक एकदा सांगितला पाहिजे नाहीतर कॉलेजात गेल्यावर त्याला वाटतं शाळेत चुकीचं शिकवलं. आणि 'ढोर–पिकावर' हे यमक आहे का? शेवटचा 'र' फक्त जुळतो, आधीचा स्वर जुळत नाही. अर्धं यमक म्हणा. गाऊन बघितलं तर खटकत नाही, कानाला पुरतं तेवढं.

ओवी आणि अभंग तर यमकाच्या जागेवरूनच ओळखू येतात. ज्ञानेश्वरीतली ओवी घ्या, शके 1212 म्हणजे 1290 सालची, 'माझा मराठाचि बोलु कौतुके, परि अमृतातेही पैजा जिंके, ऐसी अक्षरे रसिके, मेळवीन'. कौतुके, जिंके, रसिके असे तीन चरण जुळले आणि चौथा आखूड, न जुळणारा, तिथे श्वास सुटतो. यात व्यतिरेक पण आहे, अमृतालाही पैजेवर हरवेल अशी माझी भाषा. मोठ्या अभंगात सहा सहा सहा चार अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया'. ही ओळ मी वर्गात मुद्दाम मोडून दाखवते. 'कर कटावरी' काढून 'हात कमरेवर' ठेवा. अर्थ तोच राहिला, विठोबा तसाच उभा आहे. पण विटेवरी–कटावरी गेलं, 'क र क' ची जी टकटक होती ती गेली, आणि एखाद्याने सहज माहिती सांगावी तसं झालं. आता ज्ञानेश्वरीच्या ओवीत 'अमृता'च्या जागी 'सुधा' ठेवून बघा, 'सुधेलाही पैजेत जिंकेल', चाल मोडली पण व्यतिरेक जागेवर आहे. शब्दालंकार आणि अर्थालंकार यातला फरक एवढाच आहे, शब्द बदलला की मरतो तो शब्दालंकार, शब्द बदलूनही जगतो तो अर्थालंकार. ही कसोटी माझी नाही, शास्त्रकारांनीच सांगितलेली आहे, पण गाईडांमध्ये ती मला फार क्वचित दिसते, व्याख्या मात्र चार चार ओळींच्या असतात.

श्लेषाला सुद्धा हीच कसोटी लावायची. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' यात जीवन म्हणजे पाणी पण आणि आयुष्य पण. जीवनच्या जागी पाणी ठेवा, श्लेष संपला. 'औषध न लगे मजला' मध्ये तर शब्द फोडण्यावरच सगळं आहे, आईने ऐकलं औषध नको मला, आणि दमयंती म्हणतेय औषध 'नल' गे मजला, म्हणजे अगं माझं औषध नल आहे. हे लिहून कळत नाही, म्हणावं लागतं. जरा थांबून म्हटलं तर एक अर्थ, न थांबता म्हटलं तर दुसरा.

अजून एक गोष्ट यादीत नसते म्हणून मुलांना दिसतच नाही, ती म्हणजे आवाजाची नक्कल करणारे शब्द. व्याकरणात ते अभ्यस्त शब्दांच्या धड्यात अनुकरणवाचक म्हणून येतात, कवितेच्या धड्यात नाही. पण कान देऊन बघा, पाण्याच्या आणि पानांच्या शब्दांत ळ किती येतो, खळखळ, झुळझुळ, सळसळ. आभाळाच्या रागाला ड आणि ट, गडगडाट, कडकडाट. धातूला ण, किणकिण, खणखण, छणछण. कुणी नियम केला नाही तरी झालेलं आहे. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात पण मम्मटाने गुण सांगताना म्हटलंच आहे की माधुर्य हवं तिथे ट ठ ड ढ टाळावेत, अनुनासिक जोडलेली मऊ अक्षरं यावीत, आणि ओज म्हणजे जोर, आवेश हवा तिथे ट-वर्ग आणि जोडाक्षरं चालतात. मला या सगळ्यात 'दार कुरकुरलं' हे वाक्य फार आवडतं. कुरकुर हा बिजागरीचा आवाज, आणि कुरकुरणं म्हणजे तक्रार करणं पण. मग ही नादाची नक्कल की निर्जीव दाराला माणसाचा स्वभाव दिला म्हणून चेतनगुणोक्ती? दोन्ही, आणि थोडा श्लेष पण. दहा मिनिटं वर्ग या एका वाक्यावर भांडला होता.

एक शंका काही पालक विचारतात, की मॅडम एवढं खोलात जाऊन काय उपयोग, परीक्षेत चार पर्याय असतात, एकाला टिक करायची. त्यांचं चुकत नाही, स्पर्धा परीक्षेत वेळ नसतो हे मला कळतं. पण या अलंकारांची नावं पण कुणीतरी असंच खोलात जाऊन काढली आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तिथून पुढे होत होत अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात ते शंभराच्या वर गेले. यादी वाढली ती पाठांतरासाठी नाही, कुणाला तरी एक ओळ दिसली, जुन्या नावात बसेना, म्हणून त्याने बघितलं की इथे नेमकं वेगळं काय घडलंय आणि त्याला नाव दिलं. माझ्या त्या मुलीने पेन्सिलीने नेमकं तेच केलं होतं.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. सराव प्रश्नात कवितेच्या ओळी देताना दोनाऐवजी पूर्ण कडवं द्या, अर्धी ओळ तोडून दिली की खुणेचा शब्द शोधण्याशिवाय मुलाच्या हातात काही उरत नाही. जिथे एकाहून जास्त अलंकार असतील तिथे उत्तरात तसं छापा, जागा लागेल पण लागू दे. आणि उत्तरापुढे नुसतं नाव नको, कारणाची एक ओळ हवी, 'व्यतिरेक, कारण मनाचं विष विंचवा-सापाहून वरचढ ठरवलंय', बस एवढंच. कारण लिहायला बसलं की उत्तर काढणाऱ्याला पण परत ओळ वाचावी लागते, आणि मग रूपक छापलं गेलं नसतं असं मला वाटतं. प्रश्न तयार करणाऱ्यांविषयी मनात काही नाही, दर आठवड्याला एवढं काम करणं सोपं नसतं, हवं तर मी छापण्याआधी तपासून द्यायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

त्या मुलीला मी सांगितलं की पेनाचं खोड आणि परत व्यतिरेक लिही. ती म्हणाली आत्ता नको मॅडम, पेपरात छापून येऊ दे, ते कात्रण शेजारी चिकटवते आणि मग लिहिते. वहीत तिने तेवढी जागा सोडून ठेवली आहे.

आपली नियमित वाचक,
एक मराठी शिक्षिका